जर्नालिझमला अ‍ॅडमिशन घ्यायचंय? रानडे आणि बाकीच्या डिपार्टमेंट्सबद्दल थोडं सविस्तर

टीवायचा रिझल्ट लागला की मेसेज सुरू होतात, "दादा रानडेला ट्राय करू का", "ताई जर्नालिझम केलं की जॉब लागतो का", आणि प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकावं म्हटलं. हे मुख्यतः त्यांच्यासाठी जे तालुक्याच्या गावातून येणार आहेत, मराठीत लिहायचंय आणि घरात किंवा ओळखीत कुणी पत्रकार नाही. ज्यांचे काका संपादक आहेत त्यांना याची गरज नाही :)

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. जर्नालिझम डिपार्टमेंटमधून तुम्हाला मुख्य काय मिळतं तर मोठ्या शहरात दोन वर्षं राहायचं कारण, चुकलं तरी नोकरी जाणार नाही अशी जागा, आणि आधी शिकून गेलेल्यांचे फोन नंबर. क्लासरूममधलं शिकणं हे त्याच्यावर बोनस. एवढं डोक्यात ठेवून निवड केलीत तर फसणार नाही.

कुठे जायचं

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर जे रानडे इन्स्टिट्यूट आहे ते खरं तर इमारतीचं नाव, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या नावाने. विभागाचं नाव संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा, सुरू झाला १९६४ साली. त्याच आवारात विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग पण आहे, त्यामुळे तिथे "मी रानडेत आहे" म्हणणारा प्रत्येक जण जर्नालिझमचा असेलच असं नाही, निम्मे जर्मन, फ्रेंच, जपानी शिकणारे असतात (चांगलंच आहे, जाता जाता एखादी भाषा उचलता येते).

इथे एक घोळ दरवर्षी होतो. विद्यापीठाचा अजून एक मीडियाचा विभाग गणेशखिंडच्या मेन कॅम्पसवर आहे, मीडिया अँड कम्युनिकेशन स्टडीज नावाचा, आणि तिथली डिग्री एम.एस्सी. आहे. दोन्ही विभाग वेगळे, अभ्यासक्रम वेगळे, वातावरण वेगळं. २०२१ मध्ये रानडेचा विभाग तिकडे हलवून एकत्र करायचं चाललं होतं तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी जोरदार विरोध केला आणि ते थांबलं. तर फॉर्म भरताना डिग्रीचं पूर्ण नाव दोनदा वाचा, बातम्या लिहायच्या असतील तर रानडे, आणि व्हिडिओ, प्रोडक्शन, रिसर्च या बाजूला कल असेल तर कॅम्पसचा विभाग पण जाऊन बघा.

मुंबईत राहायची सोय असेल तर मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा विभाग आहे, शिवाय गरवारे इन्स्टिट्यूट. बारावीनंतर लगेच करायचं असेल तर मुंबईत ज्याला अजूनही सगळे बीएमएम म्हणतात तो कोर्स, कागदावर आता तो बीएएमएमसी झालाय. पण बारावीनंतर लगेच मीडियाची डिग्री घ्यावी या मताचा मी नाही. त्यापेक्षा इकॉनॉमिक्स, पॉलिटिक्स, अ‍ॅग्री, लॉ, काहीतरी एक विषय नीट शिका आणि मग एम.ए. ला जर्नालिझम घ्या. न्यूजरूममध्ये बातमी लिहिणारे खूप असतात, बजेट वाचता येणारे किंवा खतांच्या अनुदानाचं गणित कळणारे फार कमी असतात, आणि बीएस्सी अ‍ॅग्री केलेला पोरगा जेव्हा बोंडअळीवर लिहितो तेव्हा ते वाचतानाच कळतं.

पुण्या-मुंबईच्या बाहेर छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा विभाग आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, नागपूर, नांदेड, जळगाव, सोलापूर इथल्या विद्यापीठांत पण आहे. याला कमी समजू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकताना तुम्हाला पहिल्या वर्षीच खरी बातमी मिळू शकते कारण तिथे स्पर्धा कमी, आणि जिल्हा आवृत्तीला माणूस कायम कमी पडतोच.

आयआयएमसी म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन, दिल्लीला १९६५ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था, तिचं एक केंद्र अमरावतीला आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा होतो. विदर्भातल्या पोरांना हे माहीतच नसतं, ते थेट पुण्याची तिकिटं काढतात. आयआयएमसीच्या बऱ्याच पीजी डिप्लोमांची एंट्रन्स सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या सामाईक परीक्षेतून होते, तिचे फॉर्म आपल्या विद्यापीठांच्या खूप आधी निघतात, म्हणजे टीवायची परीक्षा व्हायच्याही आधी. मराठीच्या कोर्सची प्रक्रिया वेगळी असू शकते, तर संस्थेच्या वेबसाइटवर लक्ष तेव्हापासून ठेवा.

नोकरी सोडता येत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, आणि बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचे डिप्लोमा चालतात. गावात आधीच वार्ताहर म्हणून बातम्या देताय आणि फक्त कागद हवाय, त्यांना हे पुरतं.

प्रायव्हेट मीडिया स्कूल्सबद्दल एकच, स्टुडिओचे फोटो बघून लाखांची फी भरू नका. तिथे जा, तिथल्या सेकंड इयरच्या कुणालातरी चहा पाजा आणि विचारा की गेल्या महिन्यात कॅमेरा किती वेळा हातात आला. उत्तर देताना तो कुठे बघतो ते बघा, कळेल.

फॉर्म, कागदपत्रं

कुठल्याही शाखेची डिग्री चालते, बी.कॉम., बी.ई., काहीही. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि ते काढायला वेळ जातो, अ‍ॅडमिशन झाल्यावर बघू असं करू नका. नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, हे तहसीलमधून मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये तिथे दहावी-बारावीवाल्यांची रांग असते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर स्कॉलरशिप भरायची आहे हे विसरू नका, सरकारी विद्यापीठात येण्याचा निम्मा फायदा तोच आहे. हॉस्टेल मिळेलच असं धरून चालू नका, पुण्यात नाही मिळालं तर पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहायचं, एमपीएससीवाल्यांच्या सोबत. त्यांच्या अभ्यासिकेत पेपर सगळे येतात हा एक छुपा फायदा!

एंट्रन्सची तयारी

पॅटर्न त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायचा, तो बदलत राहतो. पण विचारतात काय ते साधारण सगळीकडे सारखंच, चालू घडामोडी, भाषा, थोडा माध्यमांचा इतिहास आणि तुम्ही बातमी वाचता की नुसत्या हेडलाइन स्क्रोल करता याचा अंदाज.

इतिहासात दर्पण ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, म्हणून त्या तारखेला पत्रकार दिन. दीनबंधु १८७७, केसरी १८८१, मूकनायक ३१ जानेवारी १९२०. हे पाठ होतंच, पण इंटरव्ह्यू असेल तिथे विचारणारे तारखेवर थांबत नाहीत, मूकनायक काढायची गरज का पडली, आधीच्या पेपरांमध्ये कुणाचं काय छापून येत नव्हतं, असा पुढचा प्रश्न येतो, त्याची तयारी करा.

चालू घडामोडींसाठी गाइड विकत घेऊ नका. असं करा, रोज दोन मराठी आणि एक इंग्रजी पेपर घ्या आणि एकच बातमी तिन्हीकडे कशी आलीय ते वहीत लिहा. कुणी इंट्रोत (बातमीच्या पहिल्या परिच्छेदात) काय घेतलं, कुणी कुणाचं नावच गाळलं, कुणाकडे आकडा वेगळा, कुणी आतल्या पानावर टाकली. हे दोन महिने केलंत तर परीक्षेचं सोडा, डिपार्टमेंटमधल्या पहिल्या सेमिस्टरचं एडिटिंग तुमचं तिथेच झालं.

इंटरव्ह्यूमध्ये "मला समाजासाठी काहीतरी करायचंय" हे वाक्य प्लीज नको. समोरच्यांनी ते त्याच दिवशी सकाळपासून वीस जणांकडून ऐकलेलं असतं. त्यापेक्षा तुमच्या तालुक्यातला एक प्रश्न सांगा, नीट, गावाच्या नावासकट, कुणी काय म्हणतंय आणि कागदावर काय आहे.

आत गेल्यावर: थिअरी आणि कायदा

पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेशन थिअरी येते आणि अर्धा वर्ग वैतागतो. लॅसवेल, अजेंडा सेटिंग, टू-स्टेप फ्लो, हे कशाला म्हणून. मी सांगतो कशाला, अजेंडा सेटिंग, म्हणजे लोकांनी कशावर विचार करायचा ते माध्यमं कशी ठरवतात, हे एकदा समजलं की संध्याकाळी चॅनेल लावल्यावर चार तास एकाच विषयावर भांडण का चाललंय आणि त्या दिवशी कांद्याचा भाव कुणीच का दाखवला नाही ते दिसायला लागतं. शिवाय पुढे नेट (प्राध्यापक होण्यासाठीची परीक्षा) द्यायची असेल तर हेच लागतं. तरी ठीक आहे, नोट्स काढा, पास व्हा, फार जीव टाकू नका.

जीव टाकायचा तो मीडिया लॉमध्ये. हा विषय पोरं शेवटच्या आठवड्यात झेरॉक्सवर काढतात आणि नंतर नोकरीत गोत्यात येतात. बलात्कार पीडितेची ओळख छापता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण ओळख म्हणजे नुसतं नाव नाही हे कळत नाही. गावाचं नाव, वडिलांचा व्यवसाय आणि "दहावीत शिकणारी" एवढं एकत्र छापलंत की त्या गावात सगळ्यांना कळतं कोण. आरोपी बाप किंवा मामा असेल तर आरोपीचं नाव छापणं म्हणजे मुलीचंच नाव छापणं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम २३, अल्पवयीन आरोपी असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४, ही तीन कलमं मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. बदनामी आधी आयपीसी ४९९-५०० होती, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३५६ आहे, जुन्या नोट्समध्ये जुनेच आकडे असतात, सीनियरची वही घेताना ते दुरुस्त करून घ्या. आणि कोर्टाचा अवमान, १९७१ चा कायदा, कोर्ट रिपोर्टिंग करणार असाल तर मूळ वाचा, छोटासाच आहे.

बातमी लिहायला कसं शिकायचं

इथे जरा थांबतो कारण खरं काम हेच आहे.

सगळ्यात चांगला सराव पोलिसांच्या प्रेसनोटवर होतो. नमुना बघा, मी बनवलेला आहे पण भाषा हुबेहूब अशीच असते: "यातील फिर्यादी महिला वय ५८ वर्षे या रात्रौ २१.३० वा. चे सुमारास सोसायटीचे गेटसमोरून पायी जात असताना मोटारसायकलवरील दोन अनोळखी इसमांनी त्यांचे गळ्यातील १५ ग्रॅम वजनाचे सोन्याचे मंगळसूत्र जबरीने हिसकावून चोरून नेले आहे."

आता यावर नवा विद्यार्थी काय लिहितो? "जेवणानंतर शतपावलीसाठी बाहेर पडलेल्या ज्येष्ठ महिलेच्या गळ्यातील मंगळसूत्र भरधाव दुचाकीवरून आलेल्या चोरट्यांनी हिसकावले." वाचायला छान आहे. पण शतपावली कुणी सांगितली? भरधाव कुणी बघितलं? अठ्ठावन्न वय म्हणजे ज्येष्ठ नागरिक होतं का? प्रेसनोटमध्ये यातलं एकही नाही, तिन्ही गोष्टी लिहिणाऱ्याच्या डोक्यातून आल्या. लिहायचं असं: "सोसायटीच्या गेटसमोरून पायी जाणाऱ्या ५८ वर्षांच्या महिलेचं १५ ग्रॅमचं मंगळसूत्र मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी हिसकावून नेलं. रात्री साडेनऊच्या सुमारास हा प्रकार घडला." एवढंच. आणि मग पोलीस स्टेशनला फोन करून विचारायचं की त्याच भागात या महिन्यात अशा किती घटना झाल्या, सीसीटीव्ही चालू होता का, रस्त्यावरचे दिवे चालू होते का. दिवे बंद होते असं निघालं तर बातमी मंगळसूत्राची राहत नाही, महापालिकेची होते, आणि ती पान एकवर जाऊ शकते. असं रोज एक प्रेसनोट घेऊन करा.

दुसरं, माहिती अधिकार. कायदा २००५ चा आहे, अर्जाला १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. पोरं काय विचारतात, "आपल्या विभागातील भ्रष्टाचाराची माहिती मिळावी", त्यावर काय उत्तर येणार, शून्य. असं विचारा: "१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात अमुक प्रभागात खड्डे बुजवण्यासाठी दिलेल्या वर्क ऑर्डरच्या प्रती आणि त्यांची अदा केलेली बिलं." कागद मागायचा, मत मागायचं नाही. दोन वर्षांच्या कोर्समध्ये पहिल्याच महिन्यात तीन-चार अर्ज टाकून ठेवले तर अपील वगैरे धरूनही सेमिस्टर संपेपर्यंत हातात काहीतरी येतं. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं, महापालिका, जिल्हा परिषद, कलेक्टर ऑफिस इथे सोमवारी दुपारी ३ ते ५ फाइल्स प्रत्यक्ष बघायची सोय आहे, राज्य सरकारचाच तसा आदेश आहे. पुण्यात असाल तर रानडेतून महापालिका भवन जवळ, शिवाजीनगर कोर्ट त्याच्या शेजारी, एका दुपारी दोन्हीकडे जाऊन येता येतं. पहिल्यांदा जाल तेव्हा क्लार्क "आज साहेब नाहीत" म्हणेल, तर आदेशाची प्रिंट सोबत न्या आणि शांतपणे बाकावर बसा.

टायपिंग

हसू नका. मराठी टायपिंग येत नसलेले पोस्टग्रॅज्युएट मी दरवर्षी बघतो. मोबाइलवर बोलून टाइप होतं हो, पण डेस्कवर (ऑफिसात बातम्या संपादित करणारा विभाग) रात्री अकराला कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, पडली की आवाजाने होत नाही. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लेआउट शिका, महिनाभर त्रास होतो, नंतर सुख. काही ऑफिसांत अजून जुने श्रीलिपी टाइप फॉन्ट चालतात, तिथे युनिकोडमधून कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं फुटतात, ती नजरेने पकडायची सवय लागली पाहिजे. पानं लावायला क्वार्क किंवा इनडिझाइन, थोडं तरी हाताळून ठेवा, छोट्या पेपरात उपसंपादकच पान लावतो.

आणि इंग्रजी. मराठी पेपरच्या टेस्टमध्ये भाषांतर असतंच, एजन्सीची इंग्रजी कॉपी देतात आणि अर्ध्या तासात मराठी बातमी मागतात. तिथे शब्दाला शब्द लावत बसू नका, पूर्ण कॉपी वाचायची, बाजूला ठेवायची, आणि शेजाऱ्याला सांगताय तशी मराठीत लिहायची. नंतर नावं, आकडे, पदं तेवढी मूळ कॉपीशी ताडून घ्यायची.

डिपार्टमेंटच्या बाहेरचं डिपार्टमेंट

पुण्यात असाल तर या जागा सोडू नका. नव्या पेठेतलं पत्रकार भवन, तिथे पत्रकार परिषदा आणि वार्तालाप होतात, मागे बसून सीनियर लोक प्रश्न कसे विचारतात ते ऐका. केसरीवाड्यातलं केसरी-मराठा ग्रंथालय आणि कॅम्पसवरचं जयकर ग्रंथालय, जुने अंक चाळायला. विद्यापीठाचं विद्यावाणी हे कम्युनिटी रेडिओ केंद्र १०७.४ एफएमवर आहे, आवाजाचं काम करायचं असेल तर सुरुवात तिथून करता येते, नंतर आकाशवाणीत हंगामी वृत्तनिवेदकाच्या ऑडिशनला जाताना माइकची भीती गेलेली असते.

व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून जे चालू पत्रकार येतात ते लेक्चर संपवून थेट ऑफिसला पळतात. त्यांच्याबरोबर पार्किंगपर्यंत चालत जा, खरंच सांगतो. त्या पाच मिनिटांत "सर मी हे लिहिलंय, बघाल का" म्हणून एक पानाची प्रिंट द्यायची, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची नाही, ती कोण उघडत नाही. लाल करून परत दिली तर तोच तुमचा गुरू.

इंटर्नशिप आणि पहिली नोकरी

इंटर्नशिपला मोठ्या नावाच्या मागे लागू नका. मोठ्या चॅनेलमध्ये इंटर्नला लॉगिंग (फुटेजमध्ये काय आहे त्याची नोंद) आणि चहा, छोट्या दैनिकात तिसऱ्या दिवशी बीट, म्हणजे बातम्या काढायचा स्वतःचा विषय. पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत किंवा प्रवासापुरते मिळतात, हे घरी आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर वाद नको. पण इंटर्नशिप लांबत चालली, "अजून दोन महिने बघू" असं तीनदा झालं, तर तिथून निघा. फुकटात पान भरणारं माणूस कुणाला नको असतं?

रोज काय छापून आलं त्याचं कात्रण आणि लिंक दोन्ही जपून ठेवा, लिंका मरतात. बायलाइन (बातमीवर तुमचं नाव) नसेल तर मूळ कॉपी तारखेसकट ठेवा. नोकरीच्या मुलाखतीत मार्कशीट कोण बघत नाही, कात्रणांची फाइल बघतात, आणि त्यातली एखादी बातमी उचलून विचारतात हे तुला कुणी सांगितलं, दुसऱ्या बाजूशी बोललास का.

पगार सुरुवातीला कमी असतो. बरेच जण वर्ष-दोन वर्षांत पीआर, कंटेंट किंवा राजकीय पक्षांच्या सोशल मीडियाकडे जातात, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, घर चालवायचं असतं. सरकारी बाजूला माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जिल्हा माहिती अधिकारी वगैरे पदं, तिथे पत्रकारितेची डिग्री किंवा डिप्लोमा उपयोगी पडतो, जाहिरात आली की अनुभवाची अट नीट वाचा. शिकवायचं असेल तर नेट, विषय मास कम्युनिकेशन अँड जर्नालिझम, कोड ६३.

ऑफर आली की तोंडी "उद्यापासून ये" वर जाऊ नका. नेमणूक पत्र मागा, त्यात पद काय लिहिलंय, प्रोबेशन किती, आठवड्याची सुट्टी कुठली हे वाचा. मागताना लाज वाटते, माहितीये. तरी मागा, आणि पहिल्या दिवशी जाताना डबा घेऊन जा कारण डेस्कची शिफ्ट सुटेपर्यंत मेस बंद झालेली असते.